मिसरचे शहाणपण आणि आपल्या म्हणी

अभ्यासपाठ : नीतिसूत्रे २२:१७ ते २४:२२

बडोद्याच्या कमाटीबागेतील वस्तुसंग्रहालयात मिसर देशाची एक ममी आहे. ती पाहायला मुले गर्दी करतात. ज्या देशाने मृतांची शरीरे जपली, त्याने शहाण्यांचे बोलही जपले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. मोशेला मिसरी लोकांची सर्व विद्या शिकवण्यात आली होती (प्रे. कृत्ये ७:२२). शलमोनाचे ज्ञान किती थोर हे सांगतानाही शास्त्रलेखकाने मिसरच्या ज्ञानाचेच माप लावले (१ राजे ४:३०).

अमेनेमोपे या मिसरी अधिकाऱ्याच्या नावाने सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा एक बोध मिळाला आहे. बाप मुलाला व्यवहार शिकवतो, असे त्याचे स्वरूप असून त्याची तीस प्रकरणे आहेत. त्याची प्रत ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. १९२३ साली वॉलिस बज यांनी ती प्रसिद्ध केली आणि १९२४ साली अडोल्फ एर्मान या जर्मन पंडिताने नीतिसूत्रांशी असलेले तिचे साम्य दाखवून दिले. आपल्या म्हणी शेजारी ठेवून त्यातील तीन गोष्टी आपण पाहू.

१. संगत. तापट माणसाशी मैत्री नको, असे दोन्हीकडे सांगितले आहे (२२:२४-२५). आपली म्हण आहे, ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’

२. पैसा. लुबाडलेल्या धनाला हंसांसारखे पंख फुटतात, असे मिसरी बाप सांगतो. नीतिसूत्रांत धन गरुडासारखे उडते (२३:५). आपण म्हणतो, ‘हपापाचा माल गपापा.’ पक्षी बदलला, अनुभव तोच.

३. बांध. अमेनेमोपे विधवेच्या शेताची हद्द सरकवू नको म्हणून बजावतो; नीतिसूत्रे पोरक्यांच्या शेताविषयी तेच बजावतात (२३:१०). बांध कोरणे म्हणजे काय, हे आपल्या खेडेगावच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

मग परक्यांचे बोल पवित्र शास्त्रात कसे, असा प्रश्न वर्गात कोणी विचारील. आम्हांला वाटते, त्याला भिऊ नये. खरे बोलणे कोठेही सापडले तरी ते देवाच्याच जगातले आहे. पण इब्री शिक्षकाने ते डोळे मिटून उचलले नाही. आपला हेतू त्याने आरंभीच सांगितला : ऐकणाऱ्याचा भरवसा परमेश्वरावर बसावा (२२:१९). आणि बांधाच्या बोधाला त्याने कारण जोडले : पोरक्यांना वाली नाही असे समजू नका, त्यांची बाजू घेणारा बलवान आहे (२३:११).

हीच चाळणी आपल्या म्हणींनाही लावावी. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. मॅनवेअरिंग यांचा मराठी म्हणींचा संग्रह १८९९ साली ऑक्सफर्डहून निघाला. असे कोणतेही पुस्तक उघडा, त्यात धान्य आहे आणि खडेही आहेत. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ मुलांना खुशाल शिकवावे. ‘बळी तो कान पिळी’ ही जगाची रीत आहे, आज्ञा नव्हे. ती सांगताना २३:११ शेजारी वाचावे. आणि जातीवरून, बाईमाणसावरून, आंधळ्यापांगळ्यावरून हिणवणाऱ्या म्हणी? त्या जुन्या आहेत एवढ्यावरून शहाणपणाच्या ठरत नाहीत. आपल्या मंडळ्यांतील कित्येकांच्या आजोबापणजोबांनी त्या अंगावर झेलल्या आहेत. आपण हसत हसत त्या उच्चारल्या, तर मूल तेच शिकेल, आणि वर्गात शेजारी बसलेले दुसरे मूल मान खाली घालील.

वर्गासाठी : प्रत्येकाने घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दोन म्हणी लिहून आणाव्या. बडोद्यातील मुलांनी एक गुजराती कहेवतही आणावी. मग प्रत्येक म्हणीला दोन प्रश्न विचारावेत : ही खरी आहे काय? आणि ही ऐकून दुबळ्याला आधार वाटेल की धाक?