साठा एक, संगणक अनेक

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात आता कॉम्प्युटरचं खातं तुझ्याकडे आलंय, म्हणून काकाचं थोडं ऐकून ठेव. पूर्वी जकार्डचं डिझाइन पंच केलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर असायचं. इलेक्ट्रॉनिक जकार्डवर तेच आता फाइलमध्ये आलं. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ती नक्षी जपायचं काम आपलंच आहे.

त्या फाइलींसाठी साठा, म्हणजे स्टोरेज, घेताना आधी गरज ओळख, मग खरेदीला जा. पाच-सहा डिझायनरना त्याच फाइली उघडायच्या असतील तर नॅस पुरे. तो फाइल वाटतो आणि कोणाला काय दिसावं हे स्वतः सांभाळतो. सॅन मात्र कच्ची डिस्क देतं. दोन-तीन सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन चालवायच्या असतील आणि एक सर्व्हर पडला तरी काम थांबू द्यायचं नसेल, तेव्हाच त्या वाटेला जा. सॅन जोडायला फायबर चॅनल खर्चिक पडतं. आयस्कझी साध्या इथरनेटवर चालतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सॅनवरची एकच लन, म्हणजे त्याने दिलेली डिस्क, दोन मशीनना जोडून एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ने फॉरमॅट करू नकोस. एकमेकांना न सांगता दोन मुनीम एकाच खातेवहीत लिहू लागले तर जे होईल तेच तिथे होतं: डेटा नासतो, आणि ते बऱ्याचदा उशिरा कळतं. दोघांनी लिहायचंच असेल तर व्हीएमएफएस, जीएफएस२ किंवा विंडोजचं क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम अशी सामायिक फाइल सिस्टिम हवी. नाहीतर दर मशीनला वेगळी लन दे आणि तिच्या परवानगीच्या यादीत त्याच मशीनचा आयक्यूएन, म्हणजे आयस्कझीवरचं नाव, टाक.

साठ्याची वाहतूक ऑफिसच्या वाहतुकीत मिसळू नकोस. वेगळा स्विच, निदान वेगळी व्हीलॅन ठेव. एक गिगाबिटच्या वायरीतून सेकंदाला साधारण ११० मेगाबाइटच जातात, आणि तेही सगळ्यांत वाटून. जंबो फ्रेम, म्हणजे डेटाची मोठी पाकिटं, लावायच्या तर सर्व्हर, स्विच आणि साठा तिन्हीकडे सारख्याच लाव, नाहीतर पाकिटाचा आकार १५०० बाइटवरच राहू दे. दोन वायरींनी दोन वाटा दिल्यास तर मल्टीपाथ चालू कर. नाहीतर एकच डिस्क दोनदा दिसते. तांब्याची वायर १०० मीटरपर्यंतच. माग-शेड त्यापलीकडे असेल तर फायबर ओढ.

साठ्यातल्या डिस्क रेडने एकत्र बांधतात; रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तर चालतं, रेड ६ मध्ये दोन. डिस्क मोठ्या असतील तर रेड ६ घे, कारण नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरायला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात दुसरीही जाऊ शकते. पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी चुकून फाइल पुसली किंवा रॅन्समवेअर शिरलं, तर रेड ती वाचवत नाही. डेटाच्या तीन प्रती ठेव, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक कारखान्याच्या आवाराबाहेर. दर महिन्याला त्यातून एखादी फाइल परत आणून बघ.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळीशी ओलांडतो आणि मागाजवळ सुताचे तंतू उडत असतात. साठा बंद, थंड खोलीत ठेव आणि पंख्यांच्या जाळ्या वेळच्या वेळी साफ कर. यूपीएसची सिग्नल वायर साठ्याला जोड, म्हणजे बॅटरी संपायच्या आत तो नीट बंद होईल. स्विचही त्याच यूपीएसवर घे. तो बऱ्याचदा विसरतात. चालू करताना आधी स्विच आणि साठा, मग सर्व्हर. बंद करताना उलट क्रम.

आयपी, आयक्यूएन, कुठली वायर कुठे जाते, हे सगळं कागदावर लिहून मालकांकडे दे. आणि शेवटचं: डिझाइन भरण्याआधी चालू साठ्यातून एक डिस्क मुद्दाम काढ. अलार्म वाजतो का, काम चालू राहतं का, नवी डिस्क भरून येते का, हे डोळ्यांनी बघ. या परीक्षेत पास झाल्याशिवाय त्या साठ्यावर कारखान्याची एकही फाइल ठेवू नकोस.