आवाज साठवणारे यंत्र

मुलांनो, हार्मोनियमची पट्टी दाबली की सूर उमटतो. पण पट्टी दाबताच पावसाची सर किंवा व्हायोलिनचा सूर ऐकू आला तर? हे काम सॅम्पलर करतो. सॅम्पल म्हणजे नमुना. आवाजाचा नमुना साठवणारा तो सॅम्पलर.

जपानच्या आकाई कंपनीने १९८८ साली ‘एस १०००’ हा सॅम्पलर आणला. तो एका पेटीसारखा होता. त्याला स्वतःच्या पट्ट्या नव्हत्या. पट्ट्यांचे वाद्य तारेने जोडावे लागे.

त्यात सीडीवरचा आवाज दोन रीतींनी घेता येई.

पहिली रीत ध्वनिमुद्रणाची. सीडी साध्या प्लेअरवर लावायची आणि प्लेअर सॅम्पलरला जोडायचा. आधी आवाज वाजवून पाहायचा. तो फार मोठा असला तर फाटतो. फार लहान असला तर खरखर ऐकू येते. आवाज बेताचा झाला की मुद्रण सुरू करायचे. दहा सेकंदांच्या आवाजाला दहा सेकंदच लागत.

दुसरी रीत सीडी-रॉमची. हिच्यावर आवाज तयार करून ठेवलेले असत. कोणत्या पट्टीला कोणता आवाज, हेही ठरलेले असे. सीडी-रॉमचा ड्राइव्ह जोडून यादीतले नाव निवडले की सारे आपोआप भरले जाई.

सीडीवर आवाजाच्या डाव्या व उजव्या बाजूंचे, प्रत्येकी सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. त्यांना जागा फार लागते. ‘एस १०००’ची मूळ स्मृती होती २ मेगाबाइट. तिच्यात दोन्ही बाजूंचा आवाज जेमतेम १२ सेकंदांचा मावे. शिवाय वीज गेली की सारे पुसले जाई! म्हणून आवाज आधीच फ्लॉपीवर उतरवून ठेवावा लागे.

आवाज घेणे सोपे, पण तो कोणाचा? अमेरिकेत बिझ मार्की या गायकाने गिल्बर्ट ओसलिव्हन यांच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय आपल्या गाण्यात वापरला. १९९१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ते गाणे विकण्यास मनाई केली.

मुलांनो, मित्राची वही आपण विचारून घेतो. दुसऱ्याचा आवाजही विचारूनच घ्यावा.

स्वाध्याय
१. आवाज फ्लॉपीवर का उतरवून ठेवावा लागे?
२. आवाज घेण्याच्या दोन रीतींत कोणता फरक आहे?
३. एका बाजूच्या आवाजाचे एका मिनिटात किती नमुने होतील?