‘नेट संपले’ म्हणजे काय संपले?

‘नेट संपले’ हे वाक्य आपल्या महाविद्यालयात दिवसातून अनेकदा कानी पडते. परंतु नक्की काय संपले, असे कोणी विचारल्यास आपण कला शाखेचे विद्यार्थी बहुधा गप्प बसतो. हा प्रांत विज्ञानवाल्यांचा म्हणून सोडून देण्याजोगा मात्र नाही. शिष्यवृत्तीचा अर्जसुद्धा आता आपल्यापैकी कित्येकजण फोनवरूनच भरतात.

मोबाइल फोन हा मुळात रेडिओच होय. जवळच्या टॉवरशी तो बिनतारी लहरींनी बोलतो. एका टॉवरच्या टापूतील सर्वांना या लहरी वाटून घ्याव्या लागतात. रात्री जेवणे आटोपून सारे गाव फोन हाती घेते, तेव्हा पडद्यावर चारही रेघा असून चित्र अडते ते यामुळेच. रेघा टॉवरच्या हाकेचा जोर दाखवितात, गर्दी दाखवीत नाहीत.

आता मोजमापाकडे वळू. रिचार्जचे पैसे देताना आमचे बाबा विचारतात, “दीड जीबी म्हंजी किती रं?” प्रश्न रास्त आहे. पॅकमधील साठा बाइटमध्ये मोजतात आणि वेग बिटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ८ मेगाबिट वेग असला तर सेकंदाला एकच मेगाबाइट माहिती येते. ही गोम जाहिरातीत कोणी फोड करून सांगत नाही!

रोजचा साठा संपला तरी पुष्कळ पॅकमध्ये नेट बंद पडत नाही, वेग तेवढा ६४ किलोबिटवर उतरतो. सेकंदाला अवघे ८ किलोबाइट! उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो २ मेगाबाइटचा असेल, तर तो चढण्यास चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात संकेतस्थळ आपल्याला बाहेर काढते. तोच फोटो २०० किलोबाइटचा करून घेतला, तर पंचवीस सेकंदांत काम होते. अक्षरे वाचता येतील इतपतच तो लहान करावा, नाहीतर अर्ज परत येतो.

साठा खातात ते मुख्यत्वे व्हिडिओ. व्हॉट्सॲपवर न मागता उतरणारी चित्रे सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करता येतात. रोजच्या साठ्याच्या पॅकमध्ये मध्यरात्री नवा साठा मिळतो हे खरे. पण अर्जाच्या शेवटच्या दिवशी त्याची वाट पाहून चालत नाही, कारण तारीखही त्याच ठोक्याला बदलते.