कुदळीचा दांडा आपण बसवायचा



मागच्या पावसाळ्याआधी मुरबाडच्या एका गावात गटाची बैठक होती. एका ताईंनी दाखवलेली कुदळ मला अजून आठवते. नेढ्यात चिंध्या कोंबलेल्या, वरून तार गुंडाळलेली. बांध घालताना ती निसटली आणि शेजारी उभ्या मुलीच्या पायाजवळ पडली. "मालक आले की बसवतील," म्हणाल्या. मालक कामाला बाहेरगावी, यायचे गणपतीला!

करवत, कोयता आपण रोज वापरतो. पण लाकूडकाम म्हटलं की हात आखडतो. मीही घाबरायचे. मग त्याच गावातल्या एका आजींनी शिकवलं, तेच सांगते.

लाकूड वाळलेलं हवं. ओलं लाकूड बसवलं की सुकल्यावर आकसतं आणि दांडा हलतो. सैल कुदळ पाण्यात बुडवून ठेवणं हाही त्यातलाच प्रकार. फुगून दोन दिवस घट्ट राहते, वाळली की आधीपेक्षा सैल. जुनी माणसं धामण वापरतात, ती चिवट असते, धक्का सोसते. बाजारातला तयार दांडाही चालेल. साग, खैर मात्र आपल्या शेतातला असला तरी परवानगीशिवाय तोडू नका.

आता खरं भीतीचं काम, तासणं. दांडा मांडीवर धरायचा नाही. खालचं टोक ओंडक्यावर टेकवा, दुसरा हात वर ठेवा आणि कोयता हातापासून लांब, खाली चालवा. एका वेळी पातळ ढलपी. कोयता लाकडात घुसायला लागला तर जोर लावू नका, दांडा उलटा फिरवा. आपण लाकडाच्या रेषेविरुद्ध तासत असतो, म्हणून तसं होतं.

कुदळीच्या दांड्याचं वरचं टोक जाड लागतं. नेढ्याची रुंद बाजू वर ठेवून दांड्याचं बारीक टोक वरून घाला आणि कुदळ जाड टोकापर्यंत सरकवा. म्हणजे घाव घालताना ती निसटत नाही, उलट आवळत जाते.

किती तासायचं हे कसं कळणार? इथे आजींची युक्ती. चुलीवरच्या तव्याची काजळी नेढ्याच्या आतून फासा. दांडा घालून काढा. जिथे काळं लागलं, तेवढंच तासा. पुन्हा घाला, पुन्हा बघा. मला सात-आठ वेळा करावं लागलं, आजींना तीनदा. घाईत जास्त तासलं तर मात्र परत जोडता येत नाही.

शेवटी कुदळ खाली करून जाड टोक दगडावर आपटा. दांडा थांबतो, जड लोखंड पुढे सरकतं आणि गच्च बसतं. बारीक टोक आपटलंत तर सैल होईल. बऱ्याच जणी तिथेच चुकतात.

कुऱ्हाडीचं नेढं वेगळं असेल, दांडा खालून जात असेल, तर वरच्या टोकाला करवतीने चीर द्या, दांडा ठोकून बसवा आणि चिरेत सुक्या कठीण लाकडाची पाचर मारा. खिळा ठोकू नका, दांडा उकलतो.

हात फिरतो तिथे काचेच्या तुकड्याने खरवडून पॉलिश पेपर मारा, काच मात्र जाड फडक्यात धरून. वॉर्निश नको, हाताला फोड येतात. पहिले चार घाव मुलांना लांब करूनच घाला.

पुढच्या मासिक बैठकीला घरातली हलणारी कुदळ घेऊन या. राब, आवणी सुरू झाली की कोणाला वेळ नसतो. काजळी मात्र आपापल्या तव्याची आणा.