घरातही ऊन लागतं

"डॉक्टर, आईला ऊन लागेल कसं? ती तर उंबरठ्याबाहेर पडलीच नाही!" एप्रिल-मे आला की दवाखान्यात हे ऐकावंच लागतं. ऊन लागायला उन्हात जावं लागतं, हा समज काही केल्या जात नाही.

गणपतीपुळ्यात यात्रेकरूंच्या सोयीसाठी कौलं उतरली, मजले चढले. उघडा स्लॅब दिवसभर तापतो. ती उष्णता खाली उतरायला काही तास लागतात, म्हणून छत आतून दुपार कलल्यावर जास्त तापलेलं असतं. तिथून इन्फ्रारेड किरणं थेट अंगावर येतात. शेकोटीपुढे तोंड भाजतं आणि पाठ गार राहते, त्यातलाच हा प्रकार. थंड देशांत घर उबदार करायला छतात मुद्दाम तापणारी पॅनेल बसवतात. आपण मे महिन्यात ती सोय फुकट भोगतो!

एरवी निवांत बसलेल्या माणसाची निम्म्याहून अधिक उष्णता अशीच किरणांनी भिंती-छताकडे जाते. त्वचा साधारण ३४ अंशांवर असते. छत चाळिशीला गेलं की व्यवहार उलटा होतो. मग सगळी भिस्त घामावर, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो वाळता वाळत नाही. पंखा लावा जरूर, पण तो छताची किरणं अडवत नाही.

सत्तरीच्या एक आजी वरच्या खोलीत दुपारी झोपल्या, संध्याकाळी मुलाला ओळखेनात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. ताप १०५. घरच्यांनी काय करावं? बगलेत कांदा, मोबाइलवर आलेला काढा आणि दोनदा पॅरासिटामॉल! अहो, उष्माघातात ती गोळी ताप उतरवत नाही, यकृताला मात्र त्रास देऊ शकते. आजी बचावल्या, पण तासभर फुकट गेला होता.

नुसता थकवा, पायात गोळे, डोकेदुखी असेल तर घाबरू नका. खालच्या गार खोलीत आणा, मीठ घातलेली पेज किंवा सरबत द्या. बरळणं, तोल जाणं, झटके, शुद्ध हरपणं दिसलं तर मात्र लगेच १०८. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका. गाडी येईपर्यंत कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत राहा, पंखा जोरात ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काही घालू नका.

पावसासाठी स्लॅबवर पत्र्याची शेड घालायचीच आहे ना? मग उन्हाळ्याआधी घाला, आणि बाजू उघड्या ठेवा. रक्तदाबाच्या गोळ्या मनानं बंद करू नका. मार्चमध्ये पाकिटासकट दाखवून जा.