स्पर्शाच्या सहा पेशी

सी. एलेगन्स ही जेमतेम मिलिमीटरभर लांबीची पारदर्शक अळी. तिच्या ३०२ चेतापेशींपैकी सहा हलका स्पर्श ओळखतात. जनुकं सगळ्याच पेशींत सारखी, मग याच सहा स्पर्शपेशी कशा होतात? या प्रश्नापायी माझी उमेदीची वर्षं गेली. प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या मुलामुलींना जे सांगते, ते इथे मांडते.

१. आधी अळी बघा, आलेख नंतर. भुवईचा एक केस टूथपिकच्या टोकाला चिकटवायचा आणि अगारवर सरपटणाऱ्या अळीच्या डोक्यामागून अलगद फिरवायचा. धडधाकट अळी थबकते, मागे सरते. मेक-३ जनुक बिघडलेली अळी केसाला दादच देत नाही, आपल्या वाटेने चालू लागते. प्लॅटिनमच्या तारेने डोक्याशी ढोसलं की मात्र हलते, म्हणजे स्नायू शाबूत आहेत. मेक-३ हे जनुकं चालू करणारं प्रथिन, म्हणजेच ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. ते नसलं की पेशी जन्मते, पण स्पर्शपेशी होत नाही. हे स्वतः पाहिलेल्या विद्यार्थ्याला पुढचं सगळं लवकर उमगतं.

२. एकट्या फॅक्टरवर भिस्त ठेवू नका. अन्क-८६ हा फॅक्टर ५७ चेतापेशींत सापडतो, मेक-३ दहांत. तरी स्पर्शपेशी सहाच! हे दोघे जोडीने डीएनएवर बसतात, तेव्हा स्पर्शाने उघडणाऱ्या आयन वाहिनीचं जनुक मेक-४ चालू होतं, आणि ट्युब्युलिनचं मेक-७ही. या ट्युब्युलिनमुळे स्पर्शपेशीतल्या सूक्ष्मनलिका जाड होतात. अळीच्या इतर पेशींत नलिकेला सहसा ११ धागे, इथे १५. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या आडव्या छेदात ते एकेक करून मोजता येतात. मला आजही ते चित्र पाहताना भरून येतं.

मेक-३ असलेल्या उरलेल्या चार पेशींचं काय? त्यांपैकी एफएलपी या दोन पेशींत ईजीएल-४४ आणि ईजीएल-४६ हे फॅक्टर स्पर्शाची जनुकं दाबून धरतात. त्यांतला कुठलाही एक काढा, एफएलपी स्पर्शपेशीसारखी वागू लागते. तेव्हा चालू करणाऱ्यांची यादी करताना अडवणाऱ्यांचीही करा.

३. हिरव्या चमकीचा अर्थ जपून लावा. मार्टिन चॅल्फी यांनी १९९४ मध्ये मेक-७ च्या प्रमोटरला, म्हणजे जनुक कुठे चालू व्हायचं ते ठरवणाऱ्या डीएनएच्या भागाला, जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक जोडून याच पेशी जिवंत अळीत उजळून दाखवल्या. पण जीएफपी टिकाऊ प्रथिन आहे. जनुक बंद पडल्यावरही चमक रेंगाळते.

४. पेशी घडली म्हणजे काम संपलं, असं मानू नका. मेक-३ अन्क-८६ च्या साथीने स्वतःचंच जनुक चालू ठेवतं. अन्क-८६ च्या कुळातलाच माणसाचा फॅक्टर म्हणजे पीओयू४एफ३, आपल्या कानातल्या केसपेशींत असणारा. त्यात बिघाड असलेल्या एका इस्रायली कुटुंबाचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या माणसांना लहानपणी नीट ऐकू येत होतं. बहिरेपण सुरू झालं ते १८ ते ३० या वयात. हे वाचल्यापासून, एखादा फॅक्टर पेशी घडताना लागतो एवढ्या निष्कर्षावर मी प्रबंधातलं प्रकरण पुरं धरत नाही. प्रौढ अळीतून तो काढल्यावर काय झालं, हे विचारतेच.