संध्याकाळची बैठक की मुलांचा अभ्यास?

प्रश्न : झाशीत माझा सॉफ्ट टॉइजचा छोटा कारखाना आहे. व्यापाऱ्यांच्या बैठका नेमक्या मुलांच्या अभ्यासाच्या वेळी असतात. सासूबाई नाराज आहेत. काय करू?

उत्तर : ताई, प्रत्येक बैठकीला हजेरी लावायलाच हवी, असं कुणी सांगितलं? महिन्यातली एकच निवडा आणि तारीख घरी आधी सांगा. सासूबाईंना ऑर्डरींचा हिशेबही दाखवा. नाराजी बरेचदा न सांगण्यातून येते. शिवाय धंद्याची सगळीच कामं संध्याकाळी नसतात. उत्तर प्रदेशच्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत (२०१८) झाशीचं उत्पादन सॉफ्ट टॉइजच आहे. तिची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात दिवसा, मुलं शाळेत असताना होते. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणीही ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यासाठी एजंटाला दमडीही देऊ नका.